मुलीचे चौकोन मी रात्री उसवून पुन्हा विणले, आणि तिने ते ओळखले

प्रश्न
लिहिणार: दोन सुया

माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. गेले चार महिने आम्ही दोघी एका गटाबरोबर लोकरीची पांघरुणे विणण्याच्या कामात स्वयंसेवक म्हणून जातो. घर अचानक सोडावे लागलेल्या कुटुंबांसाठी चालवल्या जाणाऱ्या एका तात्पुरत्या निवाऱ्याला ही पांघरुणे दिली जातात. कामाची पद्धत सोपी आहे. प्रत्येकाने घरी १५ सेंटिमीटर लांबी-रुंदीचे चौकोन विणायचे, महिन्यातून दोनदा एकत्र बसून ते जोडायचे, आणि एका रांगेत सहा अशा आठ रांगा झाल्या, म्हणजे ४८ चौकोन जोडले गेले, की ९० बाय १२० सेंटिमीटरचे एक पांघरूण तयार होते. मुलीला सुलट टाका विणता येतो, म्हणून तिलाही चौकोन दिले गेले. निवाऱ्यात तिच्या वयाची मुलेही असतात हे कळल्यापासून तिने हे काम इतके मनावर घेतले की शाळेतून आल्यावर दप्तर खाली ठेवले की लगेच ती सुया हातात घेऊ लागली.

अडचण अशी होती की तिचे चौकोन चौकोनी होत नव्हते. २४ टाक्यांनी सुरुवात केली तर शेवटी सुईवर कधी ३१ टाके असत, तर कधी १९. त्यामुळे एक बाजू १५ सेंटिमीटर आणि समोरची त्याहून बरीच रुंद किंवा अरुंद होत असे, आणि मध्येच टाके सुटून भोकेही पडत. जोडणीचे काम पाहणाऱ्या बाईंनी मला बाजूला घेऊन, अतिशय सौम्य शब्दांत, असे चौकोन जोडता येत नाहीत हे सांगितले. ते मुलीला सांगण्याचे धैर्य मला झाले नाही. ती झोपल्यावर मी तिचे चौकोन उसवत असे, त्याच लोकरीने पुन्हा विणत असे आणि सकाळ व्हायच्या आत पिशवीत ठेवत असे. असे अकरा चौकोन मी विणले. तिचा उत्साह टिकावा आणि निवाऱ्यालाही चांगले पांघरूण मिळावे, अशा दोन्ही गोष्टी मी साधते आहे, असेच मला तेव्हा वाटत होते.

मागच्या बैठकीत ते पांघरूण पूर्ण झाले आणि मुलगी त्यात आपले चौकोन शोधू लागली. तिने प्रत्येक चौकोनाची तिसरी ओळ स्वतःची खूण म्हणून लाल लोकरीने विणली होती. मी पुन्हा विणताना लाल ओळ ठेवली होती, पण ती अंदाजाने कुठेतरी मध्यावर घातली होती. तिने एका चौकोनावर बोट ठेवले आणि म्हणाली, "आई, हा माझा नाही." मी म्हणाले, "जोडताना ताणला गेला असेल." तिने खालून ओळी मोजल्या, दुसऱ्या चौकोनाच्याही मोजल्या, आणि विचारले, "मग माझे कुठे गेले?" मी विषय बदलला. त्या दिवसापासून तिने सुयांना हात लावलेला नाही. ती रागावलेली दिसत नाही, रडलीही नाही, आणि नेमके हेच मला अधिक लागून राहिले आहे.

तिला आता सगळे खरे सांगावे, की ही गोष्ट हळूहळू विसरली जाईल अशी वाट पाहावी? आणि खरे सांगितले तर त्याचा अर्थ "तुझे काम उपयोगाचे नव्हते" असा होणार नाही का? शिवाय, मुलांच्या हातचे वेडेवाकडे चौकोन खरोखरच टाकाऊ असतात, की ते वापरण्याचा एखादा मार्ग आहे? ज्यांनी मुलांबरोबर अशी कामे केली आहेत त्यांचा अनुभव मला हवा आहे.


उत्तर १
लिहिणार: जोडणीवाली

ताई, मी गेली अनेक वर्षे अशाच एका गटात आलेले चौकोन तपासण्याचे आणि जोडण्याचे काम करते. तुमच्या गटातल्या त्या बाई ज्या जागी उभ्या आहेत, त्याच जागेवरून मी लिहिते आहे असे समजा.

पहिल्या प्रश्नाला माझे उत्तर एवढेच की आजच सांगा. विसरली जाण्याचा प्रश्नच उरलेला नाही, कारण जिने ओळी मोजल्या तिला उत्तर आधीच कळलेले आहे. तिला फक्त तुमच्या तोंडून ते ऐकायचे आहे. सांगताना मात्र दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. चौकोन मापात नव्हते ही एक गोष्ट, आणि ते तुम्ही तिला न विचारता उसवले ही दुसरी. पहिली चूक विणकाम शिकणाऱ्या प्रत्येकाकडून होते आणि ती सुधारता येते. दुसरी चूक तुमची आहे आणि तिच्याबद्दल तुम्ही मुलीची माफी मागायला हवी. या दोन गोष्टी एका वाक्यात आल्या, तर "तुझे बिघडले म्हणून मला उसवावे लागले" असे तिला ऐकू येईल, आणि मग माफी मागूनही दोष तिच्याच पदरी पडेल.

आता मापाबद्दल. मापात नसलेला चौकोन आम्ही परत का करतो, याचे कारण दिसण्याशी फारसे जोडलेले नाही. १५ सेंटिमीटरच्या बाजूला १८ सेंटिमीटरची बाजू शिवली की जास्तीची लोकर चुणीत जाते, तिथे सगळा ताण येतो, आणि अनेकांच्या वापरातले पांघरूण सतत यंत्रात धुतले जात असल्यामुळे ते आधी तिथेच उसवते. सुटलेला टाका तर त्याहून वाईट असतो, कारण तो त्या एका भोकापुरता थांबत नाही. शिडीच्या पायऱ्या एकामागून एक निखळाव्यात तसा तो प्रत्येक धुण्यात एकेक ओळ खाली उतरत जातो. हे मुलांना तोंडी सांगण्यापेक्षा दाखवलेले अधिक पटते. विणलेल्या एका तुकड्यातला एक टाका मुद्दाम सोडून द्या आणि तिला तो तुकडा दोन्ही हातांनी ताणायला सांगा.

टाके का वाढतात आणि का घटतात, हे तिला कळले की अर्धे काम होईल. ओळीच्या सुरुवातीला लोकर सुईच्या पुढून खाली येण्याऐवजी वरून मागे ओढली गेली, तर पहिला टाका उचलला जातो आणि त्याचे दोन पाय दोन वेगळे टाके असल्यासारखे दिसतात. मूल दोन्ही विणते आणि एक टाका वाढतो. दुसरे कारण म्हणजे ओळ अर्धी ठेवून लोकर चुकून पुढच्या बाजूला राहणे, ज्यामुळे सुईवर एक फुकटचा वेढा पडतो आणि पुढच्या ओळीत तो टाका म्हणून विणला जातो. टाके घटतात ते बहुधा दोन टाके एकदम सुईत आल्यामुळे, किंवा शेवटचा टाका न विणताच घसरल्यामुळे. यावर एकच उपाय आहे. प्रत्येक ओळ संपल्यावर टाके मोजायचे, आणि मोजणी चुकली तर ती एकच ओळ उलट उसवायची. नऊ वर्षांच्या मुलीला दहा ओळी उसवायला सांगितले तर ती रडेल, पण एक ओळ ती स्वतः उसवेल. ओळ अर्धी ठेवून उठायचे नाही, हा नियमही घरात करा. सुया पाच किंवा सहा मिलिमीटरच्या, लाकडाच्या किंवा बांबूच्या असाव्यात, कारण धातूच्या सुयांवरून टाके लवकर घसरतात. लोकर जाड आणि फिक्या रंगाची असावी, कारण काळ्या किंवा गडद निळ्या लोकरीत टाका कुठे आहे हे मोठ्यांनाही दिसत नाही.

याहूनही चांगला मार्ग म्हणजे कोपऱ्यापासून विणलेला चौकोन. आमच्या गटात मुलांना आता आम्ही हाच शिकवतो. फक्त तीन टाक्यांनी सुरुवात करायची आणि प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एक टाका वाढवत जायचे. सगळी विण सुलटच असते, त्यामुळे कडा गुंडाळल्या जात नाहीत. पुठ्ठ्याचा १५ सेंटिमीटरचा एक चौकोन कापून जवळ ठेवायचा, विणलेल्या त्रिकोणाची कड त्या पुठ्ठ्याच्या कडेइतकी झाली की वाढवणे थांबवायचे, आणि मग प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला दोन टाके एकत्र विणून घटवत पुन्हा तीनवर यायचे. यात कुणाची विण घट्ट आहे आणि कुणाची सैल, याने माप बिघडत नाही, कारण टाक्यांचा आकडा ठरवून दिलेला नसतो आणि थांबायचे कधी हे पुठ्ठा सांगतो. सरळ विणलेल्या चौकोनात मात्र २४ टाक्यांचे कुणाचे १३ सेंटिमीटर होतात आणि कुणाचे १८. सुरुवातीच्या दोन-चार ओळींतच मुलांना त्रिकोण दिसू लागतो, आणि आपण काहीतरी घडवतो आहोत हे त्यांना लवकर जाणवते.

जे चौकोन थोडेच लहान आहेत, साधारण एक-दीड सेंटिमीटरने, ते टाकाऊ नसतात. क्रोशाच्या सुईने मुक्या खांबांच्या, म्हणजे क्रोशाच्या साध्या आखूड टाक्यांच्या, एक-दोन फेऱ्या भोवती घातल्या की ते मापात येतात आणि कडही बळकट होते. मोठे झालेले चौकोन मात्र असे वाचवता येत नाहीत, म्हणून मुलांना नेहमी किंचित लहान विणायला सांगावे. दोरे टोकाला गाठ मारून कापू नका, कारण गाठ धुण्यात सुटते. १५ सेंटिमीटरचे टोक सोडा आणि बोथट सुईने ते विणीत तीन दिशांनी ओवा. हे काम मुले फार मन लावून करतात.

एक मोठे उदाहरण मला नेहमी आठवते. एड्सने गेलेल्या माणसांच्या स्मरणार्थ अमेरिकेत जी विशाल गोधडी तयार झाली, ती १९८७ साली वॉशिंग्टनमध्ये पहिल्यांदा मांडली गेली तेव्हा तिच्यात १,९२० तुकडे होते. ते शिवणाऱ्यांमध्ये सफाईदार हाताचे लोक होते, तसेच आयुष्यात पहिल्यांदा सुई धरणारेही होते. तरीही ती गोधडी एकत्र येऊ शकली, कारण प्रत्येक तुकड्याचे माप ३ फूट बाय ६ फूट असे पक्के ठरलेले होते, आणि त्या मापाच्या आत काय करायचे हे करणाऱ्यावर सोडलेले होते. मुलांबरोबर काम करताना मी हीच वाटणी करते. कड गटाची असते आणि आतला भाग मुलाचा. तुमच्या मुलीची तिसऱ्या ओळीतली लाल खूण हा तिचा आतला भाग होता, आणि मला वाटते की चौकोन उसवले गेल्यापेक्षा ती खूण सरकल्याचे तिला अधिक लागले असेल.


उत्तर २
लिहिणार: रात्रपाळी

मी नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. आमच्याकडे स्वयंसेवकांनी विणलेल्या टोप्या येतात, म्हणून वस्तू घेणाऱ्यांची बाजू मांडते.

वेळेआधी जन्मलेल्या बाळाच्या शरीराच्या मानाने डोके मोठे असते आणि उघड्या डोक्यातून उष्णता झपाट्याने जाते, म्हणून टोपी ही त्याच्यासाठी खरोखर गरजेची वस्तू आहे. तरीही आलेल्या टोप्यांपैकी काही आम्हाला बाजूला ठेवाव्या लागतात, आणि त्यातल्या बऱ्याच टोप्या अतिशय सुंदर असतात. जाळीदार विणीच्या भोकात बाळाचे बोट अडकू शकते. आतून लोंबणारा दोरा बोटाला किंवा पायाच्या अंगठ्याला गुंडाळला गेला तर रक्तप्रवाह थांबू शकतो. गोंडा, बटण, फीत यांपैकी काहीही आम्ही चालवून घेत नाही. खेळण्यांच्या बाबतीतही हेच आहे. तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांचे सुटे भाग तपासण्यासाठी ३१.७ मिलिमीटर व्यासाची एक नळी वापरतात, आणि जो भाग त्या नळीत पूर्ण मावतो तो गिळला जाण्याचा धोका असलेला मानला जातो. क्रोशाच्या बाहुल्यांना लावतात ते प्लास्टिकचे डोळे त्यात सहज मावतात, म्हणून डोळे दोऱ्यानेच भरावेत. तुमची पांघरुणे निवाऱ्यातल्या तान्ह्या बाळांनाही दिली जाणार असतील, तर एक वर्षाखालचे बाळ झोपलेले असताना त्याच्या अंगावर सैल पांघरूण नको, हे देणाऱ्यांनी तिथे सांगितले पाहिजे. ते पांघरूण जमिनीवर अंथरायला किंवा जाग्या बाळाला मांडीवर घेताना वापरता येते.

एवढे सगळे लिहिण्याचे कारण असे की माझा भाचा दहा वर्षांचा असताना माझ्या विभागासाठी टोप्या विणत असे, आणि त्याची पहिली टोपी मला परत करावी लागली होती. मला फार संकोच वाटत होता. शेवटी मी ती टोपी त्याच्यासमोर ठेवली, माझ्या करंगळीचे टोक तिच्या भोकात घातले आणि म्हणाले, "बाळाचे अख्खे बोट यातून जाईल, आणि ते अडकले तर त्याला सांगता येणार नाही." त्याने टोपी माझ्या हातातून घेतली आणि स्वतःच उसवायला बसला. टोपी वाईट आहे असे मी म्हटले असते तर तो रुसला असता, पण बाळाचे बोट त्याला समजले. तुमची मुलगी निवाऱ्यातल्या मुलांचा विचार करणारी आहे. भोक असलेल्या पांघरुणातून झोपेत पाय बाहेर जातो आणि ओढला की भोक वाढते, एवढे तिला सांगा. उसवण्याचा निर्णय तिला घेऊ द्या.

मुलांना काम देण्याआधी त्या संस्थेला काय हवे आहे ते विचारून घ्या, ही माझी सर्वांनाच विनंती आहे. कोणते माप, कोणता धागा, कोणत्या तापमानाला धुणार, हे सगळे विचारावे. खरी लोकर गरम पाण्यात यंत्रात धुतली की आटते आणि तिचा नमदा होतो, तर ॲक्रिलिक टिकते. एकाच पांघरुणात दोन्ही आले तर पहिल्या धुण्यानंतर काही चौकोन आटलेले असतात आणि बाकीचे तसेच राहिलेले असतात. कुणी कितीही मापात विणले असले तरी मग त्याचा उपयोग होत नाही.


उत्तर ३
लिहिणार: उसवलेली ओळ

मी त्या मुलीच्या जागी होते, म्हणून लिहिते आहे.

मी आठ वर्षांची असताना शाळेतर्फे एका वृद्धाश्रमासाठी गळपट्टे विणले जात होते. माझा गळपट्टा माझ्या मोठ्या काकूने रात्रीतून पुन्हा विणला. शाळेत सर्वांसमोर त्याचे कौतुक झाले आणि मला पुढे बोलावून तो उंच धरायला सांगितले. तो माझा नाही हे मला हातात घेताक्षणी कळले, कारण माझी विण घट्ट होती आणि तो मऊ होता. मी काही बोलले नाही, काकूही कधी बोलली नाही. ती अतिशय मायाळू होती आणि तिने ते प्रेमापोटीच केले, याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती. पण त्यानंतर अनेक वर्षे माझ्या कुठल्याही कामाचे कुणी कौतुक केले की मनात पहिल्यांदा हाच प्रश्न येई की हे खरोखर माझे आहे का, की रात्री कुणी त्यावरून हात फिरवला आहे. विणकाम मी तिशी ओलांडल्यावर पुन्हा शिकले.

तुमच्या मुलीने "हा माझा नाही" असे मोठ्याने म्हटले आणि ओळी मोजल्या. मला ते जमले नव्हते. तिने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर अजून बाकी आहे. तुमच्या मनात त्या प्रश्नाचे ओझे झाले असेल, पण तो तिने तुम्हाला विचारला यात तिचा तुमच्यावरचा विश्वास आहे. विश्वास नसता तर ती माझ्यासारखी गप्प बसली असती.

एक विचारायचे राहिले. उसवलेल्या अकरा चौकोनांपैकी एखादा तरी तुमच्याकडे मूळ रूपात शिल्लक आहे का? असेल तर तो तिला परत द्या.


उत्तर ४
लिहिणार: दोन मुलांचा बाबा

वरील उत्तरांशी मी बहुतांशी सहमत आहे, पण एका बाबतीत माझे मत वेगळे आहे. चूक कशी सुधारायची याबद्दल आपण खूप बोललो, परंतु हे काम मुलांना जुळणारे होते का, याबद्दल कुणी बोलले नाही. १५ सेंटिमीटरचा एक चौकोन शिकाऊ मुलाला कित्येक तासांचा पडतो, आणि मापात नाही म्हणून तो परत येणार असेल तर मुलाच्या हाती फार थोडे लागते. ज्या कामात वाकडेपणा चालतो, अशी कामेही आहेत. १९९० साली अमेरिकेतील मिशिगन राज्यात शाळेतल्या मुलांनी मातीचे वाडगे घडवले. पाहुण्यांना त्यांत साधे सूप वाढले गेले, ज्याने त्याने आपला वाडगा घरी नेला, आणि जमलेले पैसे भुकेल्यांसाठी दिले गेले. 'एम्प्टी बोल्स' या नावाने ही पद्धत पुढे अनेक ठिकाणी पसरली. तिथे वाडगा थोडा कलला तरी बिघडत नाही, कारण तो घेणारा स्वतः निवडून घेतो.

मात्र मुलांना लोकरकामापासून दूर ठेवावे असे मला म्हणायचे नाही. अमेरिकन रेड क्रॉसने १९१७ साली शाळकरी मुलांसाठी ज्युनियर रेड क्रॉस सुरू केली तेव्हा मुले लोकरीचे चौकोन विणत आणि ते जोडून इस्पितळांसाठी पांघरुणे केली जात. म्हणजे तुमची मुलगी जे करते आहे त्याला शंभराहून अधिक वर्षे झाली आहेत. मी एवढेच म्हणेन की अख्खे पांघरूण, अकरा चौकोन, असे आकडे समोर ठेवू नका. माझा सहा वर्षांचा मुलगा फक्त रंगांची मांडणी करतो. तो जमिनीवर ४८ चौकोन पसरतो, एकाच रंगाचे दोन शेजारी येऊ नयेत म्हणून तासभर अदलाबदल करतो, आणि त्याने लावलेल्या रांगांना आम्ही हात लावत नाही. थोरली क्रोशाने कडा घालते. एका बैठकीला वीस मिनिटे पुरतात, त्यानंतर दोघांचेही लक्ष उडते आणि चुका तिथूनच सुरू होतात. उठण्याआधी शिवणाच्या सुया मोजून डबीत ठेवणे हे धाकट्याचे काम आहे. एकदा एक सुई पांघरुणात राहिली होती आणि घडी घालताना ती त्यानेच शोधली.

मूल नको म्हणत असेल तर त्याला थांबू द्यावे, हेही सांगतो. आपण आपल्या इच्छेने देतो, तेव्हा मुलालाही ती इच्छा असावी लागते. तिने पुन्हा सुया हातात घ्याव्यात म्हणून तिला समजावत बसू नका.


उत्तर ५
लिहिणार: जोडणीवाली

बाबांचा मुद्दा मला मान्य आहे, विशेषतः वीस मिनिटांचा. फक्त वाडगा आणि पांघरूण यांत मला एक फरक दिसतो. वाडगा घेणाऱ्याला निवड असते. निवाऱ्यात रात्री पोहोचलेल्या माणसाला निवड नसते, त्याच्या हाती जे ठेवले जाते ते तो घेतो. त्यामुळे तिथे जाणारी वस्तू आपण घरात वापरू इतकी चांगली असली पाहिजे, हा आग्रह मी सोडणार नाही. आणि मुलांना हा आग्रह झेपत नाही असे मला वाटत नाही, कारण वरचे भाच्याचे उदाहरणच तसे सांगते.


प्रश्न विचारणाऱ्याचे उत्तर
लिहिणार: दोन सुया

सर्वांची मी मनापासून आभारी आहे. तुमची उत्तरे वाचून दोन दिवस विचार केला आणि काल संध्याकाळी मुलीशी बोलले.

दोन गोष्टी वेगळ्या ठेवण्याचा सल्ला मी शब्दशः पाळला. आधी मी तिला सांगितले की तिचे अकरा चौकोन मी तिला न विचारता उसवले, त्या दिवशी तिने विचारले तेव्हा खोटे बोलले, आणि या दोन्ही गोष्टी चुकीच्या होत्या. तिने पहिला प्रश्न विचारला तो असा, "सगळे अकरा?" मी हो म्हणाले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मला वाटले होते की त्यांनी ते फेकून दिले आणि तू मला सांगत नाहीस." इतके दिवस तिच्या मनात हे होते, आणि तिचा राग गटातल्या त्या बाईंवर होता, ज्यांनी खरे तर आमच्याशी अतिशय चांगुलपणाने वागण्यापलीकडे काहीही केले नव्हते. माझ्या गप्प राहण्याने दोष भलत्याच माणसाच्या माथी गेला, हे मला त्या क्षणापर्यंत सुचलेही नव्हते.

मापाचे मी काल काढले नाही. आज सकाळी तिनेच विचारले की ते का उसवले. तेव्हा आम्ही एक तुकडा घेतला, त्यातला एक टाका सोडला आणि तिने तो ताणला. टाका चार ओळी खाली गेला. तिने मला तो क्रोशाच्या सुईने परत वर उचलायला लावला आणि मग स्वतः दोनदा करून पाहिला. भोकातून पाय जाण्याचे सांगितल्यावर ती म्हणाली की तिच्या स्वतःच्या जुन्या पांघरुणाचे असेच झाले होते.

मूळ चौकोनाबद्दल विचारले होते. अकरांपैकी एकही शिल्लक नाही. पण त्याआधी, अगदी शिकताना विणलेला एक तुकडा शिवणाच्या डब्याच्या तळाशी सापडला. तो वर २९ टाके रुंद आहे आणि त्याच्या तिसऱ्या ओळीत लाल लोकर आहे. तो मी तिला दिला. तिने तो गटाला द्यायचा नाही असे ठरवले आहे आणि आपल्या बाहुलीच्या अंगावर घातला आहे.

ती पुन्हा विणेल की नाही हे मी विचारलेले नाही. मात्र दुपारी तिने पुठ्ठा आणि पट्टी मागितली, १५ सेंटिमीटरचा चौकोन आखला आणि तो कापून द्यायला मला सांगितले. कापताना एक बाजू माझ्या हातून किंचित तिरकी गेली. तिने पट्टी लावून पाहिली आणि दुसरा पुठ्ठा आणून दिला.

पुढच्या बैठकीला ती येणार आहे. त्या बाईंना एक गोष्ट विचारायची आहे, असे तिने मला सांगितले आहे, पण ती कोणती हे मला सांगितलेले नाही.